शिलाधराची कंकणे

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांशी बोलत आणि त्याचे कोणाला नवल वाटत नसे, सुधन्वा नावाचा राजा होता. राजा शूर होता, न्यायी होता. दारी आलेल्या प्रत्येकाचे म्हणणे कान देऊन ऐके. त्याला एकुलती एक कन्या, ऊर्मिका. ती जन्मापासून बहिरी होती.

राणी शर्वाणी डोंगराकडची. तिच्या माहेरी घराआड एक बहिरे मूल जन्माला येई, म्हणून तिकडे सगळेच हातांनी बोलत. भांडणे हातांनी, अंगाईही हातांनी. राणीने ती बोली लेकीला दिली. चमकीच्या जागी नाकाला बोट लावले की मुलगी. मिशीवरून बोट फिरवले की बाप. ओंजळ पुढे सरकवली की होडी. खुणांना खुणा जोडत लेक बोलकी झाली. राजाला त्यातल्या थोड्याच येत. लेकीला काय हवे ते राणी त्याला सांगे, त्याला काय म्हणायचे ते राणीच लेकीला सांगे. मग राणी वारली, आणि बापलेकींमधली वाट बुजली.

ऊर्मिका वयात आली. तिला युवराज्ञी करायचे ठरले. देशोदेशीचे राजे येणार होते. राजाच्या मनात एकच गोष्ट सलत होती. भरल्या सभेत लेक हात हलवू लागेल, भुवया वरखाली करील, आणि पाहुणे एकमेकांकडे बघून हसतील.

खजिन्यात शिलाधर मांत्रिकाची रत्नजडित कंकणे होती. पणजोबांनी ती लुटून आणलेली. जे झाकायला ती घालावीत त्याचा दगड होतो, हे वाड्यातल्या पाणक्यालाही ठाऊक होते. राजा मनाशी म्हणाला, मी झाकायला कुठे घालतो आहे? मी लेकीला नटवतो आहे.

त्याने आपल्या हातांनी ती लेकीच्या हातांत चढवली. ऊर्मिकेने जड झालेले हात कसेबसे उचलून काही म्हटले.

"काय म्हणते?" राजाने विचारले.

राणीसोबत माहेराहून आलेली कुसाबाई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "म्हणतात, फार जड आहेत. यांनी मला बोलता कसं येईल?"

"एक दिवस नाही बोलली तर काय बिघडलं? सांग तिला."

"ते तुम्हीच सांगा, महाराज. असलं सांगायला माझे हात उचलायचे नाहीत."

राजाला ते सांगता येईना. शेवटी त्याने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवले. जिला आवाजच ठाऊक नाही तिला त्याने गप्प राहायची खूण केली. ऊर्मिका बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने हात खाली घेतले, आणि खाली येता येता ते दगडाचे झाले.

सोनार आले, वैद्य आले. कंकणे निघेनात. तेवढ्यात खिडकीत एक धनेश पक्षी येऊन बसला. त्याची चोच कोयत्याएवढी होती.

"कंकणांचे मालक वाट पाहताहेत," धनेश म्हणाला. "ज्याने घातली आणि जिने घातली, त्या दोघांनीच यायचं. नदीपासून मालकाची हद्द. तिथे तीन जागी तुला बोलावं लागेल, राजा. चुकलास की दगड वर चढेल. छातीत उतरला की तुझ्या लेकीची मूर्ती झाली म्हणून समज."

"मी बोलेन. अटी मान्य आहेत."

"तोंडाने नव्हे. त्या हद्दीत माणसाची जीभ चालत नाही."

"मग बोलायचं कशाने?"

"घरात सोय होती की तुझ्या," धनेश म्हणाला आणि उडाला.

राजा आणि राजकन्या निघाली. लेकीला बोली येत होती पण हात नव्हते. बापाला हात होते पण बोली येत नव्हती.

नदीकाठी पोचताच राजाचा आवाज नाहीसा झाला. पात्रात अंगणाएवढे एक कासव तरंगत होते. राजाने ओंजळ पुढे सरकवली. होडी. मग पलीकडच्या काठाकडे बोट केले. खूण बरोबर होती, पण चेहरा सिंहासनावरचा होता. भुवया जुळलेल्या, हनुवटी ताठ. कासवाने त्यात एवढेच वाचले: चल, ने आम्हांला! ते बुडाले. ऊर्मिकेच्या कोपरांपर्यंत दगड चढला.

"ते तुझ्या पगारावर नाही," वरून धनेश म्हणाला.

ऊर्मिका बापासमोर येऊन उभी राहिली. तिने भुवया उंचावल्या, मान जराशी पुढे केली आणि तशीच थांबली. हा चेहरा राजाने किती वेळा पाहिला होता! जेवताना, झोपाळ्यावर, देवघरात. लेक तोंड वेडेवाकडे करते असे वाटून त्याने दर वेळी नजर फिरवली होती. आज त्याने तो नीट पाहिला. मग त्याला कळले, हात तीच खूण करतात. तो हुकूम आहे की विचारणा, हे चेहरा सांगतो.

कासव पुन्हा वर आले. राजाने ओंजळ सरकवली आणि भुवया उंचावल्या. न्याल का आम्हांला? कासवाने पाठ काठाला लावली.

पलीकडे एक खिंड होती. खिंडीत एक म्हातारी हत्तीण आडवी उभी होती. "ओळख सांगितल्यावाचून ती कोणाला सोडत नाही," धनेश म्हणाला.

राजाने मिशीवर बोट फिरवले, लेकीकडे हात केला, भुवयाही नीट ठेवल्या. हत्तीण हलली नाही. त्याने हात आणखी उंच नेऊन तेच पुन्हा केले.

"अजून उंच कर," धनेश म्हणाला. "सूर्याला कळेल. ही आंधळीही आहे आणि बहिरीही."

हत्तिणीने सोंड आपटली. दगड ऊर्मिकेच्या दंडांवर चढला. राजाला प्रश्न पडला. असल्या प्राण्याशी कोणी कसे बोलावे? पण ऊर्मिका पुढे गेली आणि आपला दगडी पंजा तिने हत्तिणीच्या सोंडेवर टेकवला. आजोळची पणजी डोळ्यांनी अधू झाली तेव्हा घरातली माणसे तिच्या तळहातात बोलत असत, हे तिने पाहिले होते. राजाने पाहिले नव्हते, पण लेकीला पाहून तो उमजला. त्याने सोंडेचे टोक हळूच हातात घेतले. ते आपल्या मिशीवरून फिरवले. लेकीच्या चमकीला लावले. मग स्वतःच्या छातीवर धरून ठेवले. बाप. मुलगी. माझी.

हत्तिणीने ऊर्मिकेचा चेहरा सोंडेने चाचपला. गाल, कपाळ, दगडी दंड जिथे सुरू होत होता ती जागा. तिथे ती बराच वेळ थांबली. मग बाजूला झाली.

"मिशा आज पहिल्यांदा कामाला आल्या म्हणायच्या," धनेश म्हणाला. राजाला राग आला नाही.

खिंडीपलीकडे शिलाधराची बाग होती. तिथे झाडे दगडाची, पाने दगडाची. मधोमध शिलाधर बसला होता. तो फार म्हातारा होता आणि त्याचे हात फार सुंदर होते. त्याने ऊर्मिकेकडे बोट करून भुवया उंचावल्या.

धनेश म्हणाला, "मालक विचारतात, ही कोण?"

राजाने नाकाला बोट लावले आणि छातीवर हात ठेवला. माझी मुलगी.

"ते नातं झालं. नाव सांग."

राजाने दोन्ही हात डोक्यावर नेऊन मुकुट दाखवला.

"ती गादी झाली." दगड खांद्यांवरून गळ्याच्या हाडाशी आला. ऊर्मिकेचा श्वास जड झाला. धनेशाचा स्वर आता थट्टेचा नव्हता. "तुझ्या राणीच्या माहेरी माणसाला दोन नावं असतात. एक बारशाला कानात सांगतात. दुसरं मूल जरा जाणतं झालं, त्याची लकब कळली, की सगळी मिळून हातांनी देतात. ते हातनाव. हिला ते दिलं तेव्हा तू कुठे होतास?"

राजाला आठवले. तो खालच्या चौकात नवे घोडे पाहत होता. वर सज्जात बायका जमल्या होत्या, डोंगराकडचे पाहुणे आले होते. पुढे वर्षानुवर्षे राणीने त्याच्यादेखत लेकीला त्या नावाने हाक मारली होती. हात उठलेला त्याला आठवत होता. तो कुठे गेला? गालाशी? कपाळाशी? त्याला आठवेना. आठवायला आधी पाहावे लागते.

अंदाज करावा का? एखादा लागेलही. राजाचा हात गालापर्यंत गेला, आणि तिथे त्याने तो थांबवला. लेकीच्या जिवावर तो अंदाज करणार नव्हता.

त्याने मांत्रिकाकडे पाठ फिरवली. लेकीसमोर तो गुडघ्यांवर बसला. दोन्ही रिकामे पंजे त्याने हलवले. मला माहीत नाही. मग भुवया उंचावून, मान पुढे करून त्याने हात तिच्याकडे उघडा केला आणि तसाच धरला. तुझं नाव काय? तू सांग.

आजवर ती काय म्हणते हे त्याने राणीला विचारले होते, कुसाबाईला विचारले होते. तिला कधी विचारले नव्हते.

ऊर्मिकेचे डोळे भरले. उजव्या दंडाला तडा गेला. दगडाच्या खपल्या पडल्या, खालून कातडी दिसली, आणि हात वर आला. तर्जनी हनुवटीला टेकली, हनुवटी वर उचलली गेली आणि पाची बोटे हवेत उघडली. मान वर करून हसणारी. हे तिचे नाव होते.

राजाने ते करून पाहिले. त्याचे बोट गालाला लागले. ऊर्मिकेने ते धरून हनुवटीवर आणले, आणि त्याने पुन्हा केले. तेव्हा तिचा डावा हातही सुटला. कंकणे खाली पडून फुटली. शिलाधराने तुकड्यांवर फुंकर घातली. त्यांची माती झाली. बागेतल्या दगडी झाडांना ओल सुटली, कोवळी पाने आली.

राजाने स्वतःकडे बोट केले. भुवया उंचावल्या. माझं?

ऊर्मिका घुटमळली. मग तिने पंजा डोळ्यांसमोर धरला आणि पंजाबरोबर चेहराही बाजूला वळवला. दुसरीकडे बघणारा. राणीच्या माहेरच्यांनी ते ठेवले होते, आणि घरात ते सगळ्यांना ठाऊक होते. फक्त त्याला नव्हते.

बदलता येईल का, असे त्याने हातांनी, चेहऱ्याने, जसे जमेल तसे विचारले. ऊर्मिकेने मान हलवली. हातनाव मागून बदलत नाही.

राजाने ते नाव स्वतःच्या हाताने एकदा केले आणि मस्तक लववून घेतले.

मग राजधानीत सोहळा झाला. देशोदेशीचे राजे आले. ऊर्मिका उघड्या हातांनी सभेशी बोलली, आणि तिचे बोलणे राजाने मोठ्याने सांगितले. तो अडखळे, थांबे, तिलाच पुन्हा विचारे. एक पाहुणा हसला. राजाला ते दिसले नाही. त्याचे डोळे लेकीच्या हातांवर होते.

पुढे ती बोली चावडीवर गेली, बाजारात गेली, पाटीवर भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांच्या हातांत गेली. राजाचे हातनावही गावभर झाले. चौकातून जाताना कोणी लहान मूल पंजा डोळ्यांसमोर धरून चेहरा वळवी, राजाला हाक मारी. आणि हाक मारली की, राजा म्हातारा झाला तरी, हातातले काम टाकून थांबे, वळे आणि त्या मुलाचे हात काय म्हणतात ते शेवटपर्यंत पाही.

बापलेकींची बुजलेली वाट जशी मोकळी झाली, तशी घरोघरी होवो. गोष्ट इथे हात जोडते.