आडखिंडची अर्धी भिंत

अहो पाव्हणं, त्या दगडावर नका टेकू. इकडं लिंबाखाली या, सावलीपण आहे. रागावलो नाही हो, पण तो दगड बसायचा नाही. आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्याच्यावर चढत नाही. का ते सांगतो, पण आधी मान वर करून डोंगर बघा. भिंत दिसली? डाव्या कड्यापासून निघाली आणि खिंडीच्या मधोमध थांबली. फिरायला येणारे लोक विचारतात, कुणी तोफा लावून पाडली का. पाडली कुणीच नाही. ती पुरीच झाली नाही.

फार मागची गोष्ट. तेव्हा इथं लखमदेव राजा राज्य करत होता, असं सांगतात. राज्य करत होता म्हणायचं आपलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी गत. बाप अचानक गेला, पोरगं विशीतलं, आणि चहूकडं डोंगराडोंगरावर एकेक नाईक गढी बांधून बसलेला. धान्य नाईक गोळा करणार, फौज नाईक ठेवणार, वेठीला माणसं आणि बैल नाईक धरणार. राजानं फक्त दसऱ्याला शेला पांघरून मिरवायचं. आणि त्या दसऱ्यालाही सगळे नाईक येत नसत म्हणे. एकाच्या गढीत वासरू आजारी, दुसऱ्याची आत्या आजारी. दर वर्षी तीच आत्या!

ह्या नाईकांत सगळ्यात दांडगा बोपनाईक. आमचा मूळपुरुष. हो, मी नाईकच, बाळकोबा नाईक. त्यामुळं मी त्याची बाजू घेतोय असं वाटलं तर घेतोच आहे असं समजा. पण खोटं सांगणार नाही. बोपनाईक मुळात औत हाकणाऱ्याचा पोरगा. अंगात रग एवढी, की चिखलात रुतलेली गाडी एकटा खांदा लावून काढायचा. बैलांचं वेड असं, की ल्हानपणी गोठ्यातच निजायचा. पुढं लढायांत नाव काढलं, नाईकी मिळाली, मग हळूहळू डोक्यात वारं शिरलं. बळी तो कान पिळी, हे त्याला पटलं.

त्यानं ही खिंड हेरली. राजधानी खिंडीच्या अलीकडं, म्हणजे आपण बसलोय तिथं. मीठ, धान्य, घोडे, सगळं येणार ते खिंडीतून. तिथं भिंत घालून दरवाजा बसवला आणि किल्ली आपल्या कमरेला लावली, की राजाचं नाक दाबलं. मग तोंड उघडेलच. दसऱ्याच्या आत भिंत पुरी करायची, दसऱ्याला राजाला पालखीत घालून काशीला धाडायचं आणि शेला आपण पांघरायचा, असा त्याचा बेत होता. राजाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण करतो काय? निम्मे सरदार नाईकाच्या पंगतीला जेवणारे. उरलेले म्हणायचे, महाराज, बघू, वेळ जाऊ द्या. आणि इकडं भिंत रोज वाढतेय.

ह्या घाईत बोपनाईकाच्या हातून एक चूक झाली. श्रावण सरत आला तरी त्यानं वेठीचे बैल सोडले नाहीत. आता तुम्ही शहरातले, तुम्हाला सांगायला हवं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा निबर होतो, त्याला लोणी-हळद लावून मळायचं. आणि मळताना बैलाच्या कानाशी लागून सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." एकदा आवतन दिलं की तो बैल राहिला नाही, पाव्हणा झाला. पोळा होईस्तोवर त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. चोर असो, सावकार असो, हे कुणी मोडत नाही.

ह्या गावात मैनाई नावाची एक विधवा बाई होती. घरात मूल नाही, माणूस नाही. मोऱ्या आणि चांद्या अशी बैलजोडी, तेवढाच संसार. तिनं सांजेला दोघांचे खांदे मळले, आवतन दिलं, पुरणाची डाळ भिजत घातली. तेवढ्यात नाईकाचे शिपाई आले आणि दावणीचे बैल सोडून घेऊन गेले. म्हणाले, भिंतीला मोठा दगड चढवायचाय, पोळा पुढल्या वर्षी कर.

पोळ्याच्या सकाळी मैनाई राजाच्या सदरेवर जाऊन उभी राहिली. रडली नाही म्हणे. सरळ म्हणाली, "लखमा, आवतन दिलेला पाव्हणा ताटावरनं उठवून नेला. तुझ्या राज्यात हे चालत असंल तर तसं सांग, मी दुसरं राज्य बघते."

कारभारी म्हणाला, नाईकाकडं माणूस पाठवू. दुसरा म्हणाला, बाईला बैलजोडी भरून देऊ. राजानं दोघांकडं पाहिलं, आत गेला, आईकडून लोणी-हळदीची वाटी मागून घेतली आणि अनवाणी डोंगर चढू लागला. बरोबर फक्त मैनाई. फौज न्यायला होतीच कुठं?

वर बघतो तर वेठीला धरलेले शेकडो शेतकरी, पोळ्याच्या दिवशी, तोंडं पाडून दगड ओढताहेत. चढाच्या मध्यावर दोन ओंडक्यांच्या घसरगाडीवर एक भला थोरला दगड बांधलेला, त्याला मैनाईची जोडी. मोऱ्याचा खांदा फुटून रक्त लागलेलं. हळद अजून पुसली नव्हती हो त्याच्या खांद्यावरची! राजानं पुढं होऊन घसरगाडीला चाकाखाली लावतात तसा धोंडा लावला, दोघांच्या मानेशी जुवात घातलेल्या शिवळा, म्हणजे खुंट्या, काढल्या, बैल आणि वाटी मैनाईच्या हाती दिली. मग जू उचलून आपल्या मानेवर घेतलं आणि जोत्याची दोरी छातीवरून आवळून गाठ मारली. म्हणाला, "ह्या मुलखात आज जू वाहायचं असंल तर पहिला मान राजाचा."

बोपनाईक भिंतीवर उभा होता. त्याला हसू फुटलं. इतकी वर्षं ज्याला हटवायचं तो आपल्या पायांनी येऊन जुवात शिरला. त्यानं वरूनच ओरडून सांगितलं, "ओढू दे त्याला! दुसऱ्या बाजूला जो खांदा लावील, त्याचं घर उन्हात बांधीन." मैनाई धावली, तर शिपायांनी तिला धरून ठेवलं. शेतकरी जागच्या जागी खिळले. प्रत्येकाला वाटत होतं जावं, पण प्रत्येकाच्या घरी पोरंबाळं होती. त्यांना दोष कोण देणार?

आता जुवाला दोन बाजू असतात. एक बाजू रिकामी राहिली तर जू वाकडं होतं, मान पिळते. राजा ओढायला लागला. दगड हलला. वीतभर, हातभर. डोळे बाहेर यायची पाळी, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. शेतकऱ्यांतल्या म्हाताऱ्यांनी पागोटी डोळ्यांवर ओढली. बघवेना त्यांना.

आणि राजाचा पाय घसरला. श्रावणातलं गवत, खाली शेवाळ. घसरगाडी मागचा धोंडा उडवून उताराला लागली आणि राजाला मानेनं फरफटत मागं नेऊ लागली. मागं कडा. छातीवरची गाठ त्यानंच मारलेली, सुटायची सोय नाही.

पाव्हणं, जरा विचार करा. बोपनाईकाला काहीसुद्धा करायचं नव्हतं. नुसतं हाताची घडी घालून उभं राहायचं. तलवार उपसायला नको, विष घालायला नको. राजा हौसेनं जुवात गेला आणि कड्यावरून पडला, ह्याला शेकडो साक्षीदार. दसऱ्याची वाटसुद्धा बघायला नको. शेला त्याचाच होता.

पण बोपनाईक औत हाकणाऱ्याचा पोरगा. जोडीतला एक बैल पडला आणि दुसरा नाही, आणि धनी नुसता बघतोय, असं त्याच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. भिंतीवरून त्यानं उडी मारली ती थेट चढावर. धावत आला, जुवाच्या रिकाम्या बाजूला खांदा घातला आणि टाच रोवली. गाडी थांबली. कडा तिथून पुरुषभर लांब होता. आणि नाईकाच्या तोंडून बापाच्या नांगरामागं शिकलेला शब्द निघाला, "दमानं रं... दमानं, माझ्या राजा..." बैलाला आपण राजा म्हणतोच की. तो राजाला म्हणाला का बैलाला म्हणाला, त्याचं त्यालाच ठाऊक.

वर चढवणं दोघांनाही शक्य नव्हतं. मग हळूहळू दगड कड्यापासून वाटेकडं वळवला आणि त्याला वरून आवरून धरत खाली निघाले. सोडून का दिला नाही, असं पोरं विचारतात. अरे, खाली उतारावर माणसं होती! घसरू द्यायचा नाही म्हटल्यावर पावलाला पाऊल जुळवूनच उतरावं लागतं. एक घाई करील तर दुसऱ्याची मान जाईल. डोंगरभर दोघं एकमेकांना सांगत होते, आता डावा, आता थांब. मागं सगळे शेतकरी. एकेकानं आपापले बैल सोडले आणि तेही निघाले. शिपायांनी कुणाला अडवलं नाही. अडवायचं कुणाच्या हुकमानं? हुकूम देणारा जुवात.

इथं वेशीशी आले आणि दोघं बसले. राजानं मैनाईकडून वाटी मागितली आणि आपला खांदा सोडून आधी नाईकाच्या खांद्याला लोणी-हळद लावली. तेव्हा बोपनाईक ढसाढसा रडला असं सांगतात. म्हणाला, "मी उभा राहिलो असतो तर?"

राजा म्हणाला, "राहिला नाहीस ना. मग झालं तर."

त्या दिवशी मैनाईच्या बैलांनी पुरणपोळी खाल्ली, आणि तिच्याच ओसरीवर राजा आणि नाईक एका पानात जेवले. तिथंच राजानं हुकूम काढला, की ह्यापुढं वेठीला माणूस किंवा बैल धरायचा तर राजाच्याच शब्दानं, आणि राजाला विचारल्याशिवाय कुणी नाईक गढीचा चिरासुद्धा हलवणार नाही. पहिली मान बोपनाईकानं डोलावली. सगळ्यात दांडगा वाकला म्हटल्यावर बाकीचे काय करतात? त्या दसऱ्याला झाडून सगळे नाईक सोनं द्यायला राजवाड्यावर हजर. आत्या एकदम ठणठणीत! बोपनाईक सेनापती झाला. लखमदेवानं पुढं चाळीसेक वर्षं राज्य केलं म्हणे, आणि ते खरोखरचं राज्य होतं.

तो हा दगड. जिथं ठेवला तिथंच आहे, आणि भिंत जिथं थांबली तिथंच थांबलेली आहे.

आता एक मात्र वाद आहे, तो सांगायला हवा. राजाच्या वंशातले आज राऊळ आडनाव लावतात. राऊळांच्या घरी हीच गोष्ट सांगतात, पण राजाचा पाय घसरला असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, राजा घसरायचं ठरवूनच वर गेला होता. त्यानं आपल्या ल्हानपणापासून बोपनाईकाला पाहिलं होतं, पडणारी जोडी त्याला बघवणार नाही हे ओळखून होता. आमच्या घरी म्हणतात, काहीतरीच! कड्याच्या तोंडाशी कुणी असला जुगार खेळतं का? पोरगं खरंच घसरलं आणि आमच्या माणसानं जीव वाचवला. पिढ्यान्‌पिढ्या भांडतोय आम्ही. राऊळ म्हणतात राजा हुशार, आम्ही म्हणतो नाईक मोठ्या मनाचा. मला विचाराल तर दोघंही थोरच होते, पण हे राऊळांना सांगू नका.

आजही पोळ्याला आमच्या गावात तोरणाखालून पहिली जोडी बैलांची जात नाही. एक राऊळ आणि एक नाईक एका जुवाला खांदा लावून खिंडीच्या पायथ्यापासून ह्या दगडापर्यंत येतात. मग दगडाला लोणी-हळद लावतात, आणि त्यानंतर बैल सुटतात. ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे झाले, यंदा गावात किती जोड्या उरल्यात ते विचारू नका. पण हे चुकलेलं नाही.

गेली काही वर्षं नाईकांकडून मी आणि राऊळांकडून शिरपत. आताचा सरपंच तोच. मला पाडून निवडून आला. प्रचारात माझ्याबद्दल नाही नाही ते बोलला, आणि मीही त्याच्या बापजाद्यांचा उद्धार करायचा सोडला नाही. वर्षभर आमचं बोलणं बंद. समोरून आला की मी रस्ता बदलायचो, तोही बदलायचा, आणि पुन्हा दोघं एकाच रस्त्याला लागायचो.

गेल्या पोळ्याला जू घेतलं तेव्हाही दोघांची तोंडं दोन दिशांना. निम्म्या वाटेवर आलो आणि माझा गुडघा वाकला, पाय सरकला. मी खाली जाणार तेवढ्यात शिरपतनं दोन्ही हातांनी मला कवळ्यात धरलं. जू त्याच्या एकट्याच्या मानेवर. सगळा गाव बघत होता. तसाच उभा राहिला, माझा श्वास खाली बसेपर्यंत. मग कानाशी लागून म्हणाला, "बाळकोबा, खरं सांग. घसरलास का मुद्दाम घसरलास?"

मी म्हटलं, "चल रे, बैल खोळंबलेत."