न भिजवलेले कापड

एकदा एक वृद्ध शिंपी होते, आणि पेठेत त्यांना लहानथोर सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या हाताखाली एक मुलगी तीन वर्षे काम शिकत होती. स्तुतीच्या बाबतीत मास्तर कमालीचे कंजूष होते. तरीही तिने लावलेली बाही पाहून एकदा त्यांच्या तोंडून ‘ठीक’ एवढा शब्द निघाला होता आणि मुलगी आठवडाभर हवेत होती.

बारावीनंतर या मुलीला मोठ्या शहरातील एका खासगी महाविद्यालयात पोशाखांच्या डिझाइनच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला. चार वर्षांची फी आणि राहण्याजेवण्याचा खर्च मिळून वीस लाख. वडील हार्डवेअरच्या दुकानात कारकून. बँक कर्ज द्यायला तयार होती, मात्र त्यांचे दोन खोल्यांचे घर तारण ठेवावे लागणार होते. सही सोमवारी करायची होती. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तकात छापले होते की, येथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला सरासरी साडेसहा लाखांचा वार्षिक पगार मिळतो. मुलीने ते पान इतक्या वेळा वाचले होते की साडेसहा लाख आपल्याला मिळालेच, असे तिला वाटू लागले होते.

पेढे आणि ते गुळगुळीत पुस्तक घेऊन ती दुकानात आली. मास्तरांनी पेढा खाल्ला. साडेसहा लाखांचे पान दोनदा वाचले. मग बादलीत भिजत पडलेले गिऱ्हाइकाचे कोरे सुती कापड पिळून बाजूला ठेवले आणि उरलेल्या पाण्यात ते पुस्तक शांतपणे बुडवले.

मुलीला विलक्षण राग आला. मास्तरांना आपले शिकणे खुपते आहे, फुकटचा हात जाणार म्हणून हे चालले आहे, असेही तिच्या मनात आले. ती ते बोलली नाही, पण चेहरा लपला नाही.

मास्तर म्हणाले, “आलेलं सुती कापड तू तसंच कापतेस का?”

“नाही. आधी भिजवते.”

“का?”

“आटतं म्हणून. न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात सदरा पोटावर येतो.”

“मग हे न भिजवता कापायला का निघालीस? पोरी, छापलेला पगार हे कोरं कापड आहे. खोलीचं भाडं, मेस, जाणं-येणं, बिनकामाचे महिने, या पाण्यातून काढल्यावर जे उरेल ते तुझं माप. आणि त्याच पाण्यात लाकूड मात्र फुगतं. कर्ज लाकडाच्या जातीचं आहे. तू चार वर्षं शिकत असशील तेव्हा ते फुगत असेल. दोन्ही भिजव, आणि मग मला सांग.”

मुलगी तणतणतच घरी गेली. पण तीन वर्षे मापे घेतलेला हात स्वस्थ बसू देईना. तिने त्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या सात जणींचे नंबर मिळवले आणि प्रत्येकीला एकच विचारले, महिनाअखेर हातात काय उरते? एकीचे उत्तम चालले होते. दोघी अजून बिनपगारी उमेदवारी करत होत्या. बाकीच्या चौघींना अठ्ठावीस हजारांच्या आसपास मिळत होते आणि शहरात राहण्याजेवण्याचे सतरा गेल्यावर अकरा उरत होते. सरासरी उंचावली होती ती परदेशी गेलेल्या एक-दोघांमुळे, हेही त्यांच्याकडूनच कळले. मग तिने बँकेत जाऊन विचारले. शिक्षण संपेपर्यंत वीस लाखांचे पंचवीस लाख होणार होते आणि हप्ता बसत होता चौतीस हजारांचा.

अकरा आणि चौतीस. ती हे दोन आकडे घेऊन दुकानात आली आणि पाटावर बसली. राग कुठल्या कुठे गेला होता, आता नुसते रडू येत होते. मग शिकायचेच नाही का, असे तिने विचारले.

मास्तरांनी मशीन थांबवले.

“असं मी कधी म्हणालो? मी शिकलो नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. कापड आटतं म्हणून कोणी उघडं फिरत नाही. जेवढं उरतं त्यात बसेल असा सदरा बेतायचा. पुढे हात मोकळा झाला की मोठा शिवता येतो.”

जिल्ह्याच्या गावी सरकारी तंत्रनिकेतनात पोशाखांच्या डिझाइनची तीन वर्षांची पदविका होती. वसतिगृह होते, फी मोजकी होती. तिने तेही भिजवून पाहिले. तिथून शिकलेल्या दोघींना विचारले, पगार त्या चौघींएवढाच निघाला; भाडे तेच धरले, आणि अडीच लाखांच्या कर्जाचा हप्ता त्या अकरा हजारांत बसून वर थोडे शिल्लक राहिले. तारण काही लागत नव्हते. नाव लहान होते, याचे तिला वाईट वाटले आणि ते वाईट वाटणे बरेच दिवस गेले नाही.

सोमवारी सकाळी वडील इस्त्रीचा शर्ट घालून, घराची कागदपत्रे पिशवीत घालून तयार बसले होते. मुलीने त्यांना सगळा हिशेब समजावून सांगितला. त्यांनी तो ऐकला, मग पिशवी कपाटात ठेवली.

“घर जाईल असं कोणी सांगितलं असतं तरी मी सही केली असती,” ते म्हणाले.

“माहीत आहे, बाबा,” ती म्हणाली. “म्हणून तर माप मला घ्यावं लागलं.”