पाठ फिरवण्याची रीत

त्या बागेतल्या मधमाश्या इकडच्या तिकडच्या गप्पा गुणगुणून करत, पण महत्त्वाचे ते नाचूनच सांगत. फुले कुठे, किती लांब, वाटेत वारा कसा, हे एक जण पोळ्यावर नाचे आणि बाकीच्या तेवढे बघून उडत.

बागेत पांढऱ्या लाकडी पेट्या होत्या. सातव्या पेटीत खारे पाणी ओलांडून आलेल्या डोंगरमाश्या राहत. डोंगर फुलेनासा झाला तेव्हा त्यांच्यातल्या थोरल्या माश्या एका गलबताच्या डोलकाठीला लटकून इकडे आल्या. मध आणणे जमले नाही, मेण आणणे जमले नाही. त्यांनी आपला नाच तेवढा आणला. त्यात धुक्याचे पाऊल वेगळे होते, उताराचे वेगळे, आणि ‘थांब, पुढे कडा आहे’ यासाठी मागच्या पायाचा एक हलका ठोका होता.

नाचाबरोबर एक रीतही आली. नाचणारी चुकली की बघणाऱ्या साऱ्या जणी पाठ फिरवत. डोंगरावर ते शहाणपणाचे होते, कारण चुकीचे पाऊल बघून उडालेली माशी कड्यावर आपटून मरे. बागेत कडा नव्हता. रीत मात्र राहिली.

पुढे बागेच्या पंचांनी ठरवले की पाण्यापलीकडच्या ठिकठिकाणांहून बागेत आलेल्या माश्यांचे बारा नाच म्हणजे बारा गोंधळ. त्यांनी एकच ‘थोर नाच’ शिकावा आणि त्यालाच आपला म्हणावे. तो नाच डोंगराचा नव्हता, कुठल्याशा सपाटीवरचा होता. थोरल्यांनी माना डोलावल्या. ‘पोरींचे पाय गोंधळायला नकोत,’ म्हणत त्यांनी घरात डोंगराचा नाच शिकवणे बंद केले. पोरी बागेचा नाच शिकल्या, थोर नाच शिकल्या, मोठमोठ्या फुलांवर गेल्या. मग त्याच थोरल्या हिवाळ्यात एकमेकींना चिकटून बसत आणि उसासे टाकत, ‘हल्लीच्या पोरींना आपलं काही नकोच बाई!’

झिणीला हे ऐकले की आग लागे. ती सातव्या पेटीतली सर्वात तिखट पोर.

“दार तुम्हीच लावलंत,” ती म्हणे, “आणि आता विचारता, आत कुणी का येत नाही!”

“जिभेऐवजी हिची सोंड लांब असती,” एक थोरली म्हणे, “तर पेटीच्या कामाला तरी आली असती.” सगळ्या हसत.

असे हसणे झिणीने लहानपणीच ऐकले होते. तिने एकदा कौतुकाने धुक्याचे पाऊल करून दाखवले होते. ते चुकले. वीस पाठी एकदम फिरल्या आणि कुणीतरी म्हणाले, “धुकं कुठलं? पोट दुखतंय पोरीचं.” तिच्या बरोबरीच्या कुठल्याही पोरीने त्यानंतर ते पाऊल टाकले नाही.

थोरल्या एकेक करून गळाल्या. उरली केसरआत्या. डोंगरावरच्या ढोलीची वाट सांगणारा सतरा वळणांचा नाच आता तिच्या एकटीच्या पायांत होता. झिणीला तो हवा होता. पुरा हवा होता.

“आत्या, शिकव.”

“आता? मला उभं राहवेना तेव्हा बरं सुचलं!”

“तेव्हा तुमच्या पाठी दिसायच्या. पाठीकडे बघून नाच कसा शिकणार?”

आत्या बराच वेळ पंख चोळत राहिली. मग उठली आणि नाचली.

दुपारी पेटी तापली की आत्याच्या पायांत थोडा जीव येई. तेवढ्यात दोघी उरकत. नऊ वळणे झिणीने उचलली. दहाव्यावर कड्याचा ठोका होता. तिने ठोका दिला आणि आत्याने पाठ फिरवली.

“इकडे बघ! काय चुकलं ते सांग.”

“सांगता येत नाही गं. बघावं लागतं.”

“मग दाखव!”

आत्या धापा टाकत वळली, पुन्हा नाचली. झिणी पुन्हा तिथेच चुकली. पुन्हा पाठ. असे आठ दुपारी चालले. अकरावे वळण काही आले नाही.

नवव्या दुपारी झिणीने ठोका दिला. आत्याने पाठ फिरवली आणि वळलीच नाही.

“झालं, रुसलीस?” झिणी चिडली. “मी हलणार नाही. बघू कोण आधी वळतं.”

ऊन पेटीच्या फटीतून सरकून निघून गेले. शेवटी झिणीने पुढे होऊन आत्याला स्पर्श केला. आत्याचे पाय मेणात घट्ट रुतलेले होते, आणि गार होते.

वसंतात पंचांनी जत्रा भरवली. पाटी लागली, ‘डोंगरमाश्यांचा अस्सल नाच’. नाचायला झिणीच होती. दुसरे कोण असणार? पुढच्या ओळीत सातव्या पेटीतल्या पोरी सजून बसल्या होत्या.

नऊ वळणे झिणी मन लावून नाचली. दहाव्यावर तिने ठोका दिला; तो बरोबर होता की चूक, तिलाही कळले नाही. ती क्षणभर थांबली. मग तिने मुद्दाम धुक्याचे पाऊल कड्यावर टाकले, उतार उलटा केला, आत्याने कधीच न टाकलेली पावले टाकली, आणि मान वर करून ओळीमागून ओळ न्याहाळली.

सगळी तोंडे तिच्याकडे होती, कौतुकाने फुललेली. पंखांचा कडकडाट चालू होता. एका तरी पाठीची वाट बघत झिणी तशीच उभी राहिली.