सरपंचांचं सगळ्यात छोटं भाषण

सरपंच भानुदासरावांच्या पोटात दुखत होतं ते शेवंताच्या डुकरांमुळे. यांची डुकरं दोनशे, तिची जेमतेम चाळीस. पण यांच्या शेडवरून जाताना लोक नाकाला रुमाल लावत आणि तिच्या शेडपाशी बसून चहा पीत, हे त्यांना फार सलायचं. शेवंतानं फरशीला उतार देऊन मूत वेगळं काढलं होतं, त्यामुळे डोळ्यांना झोंबणारा अमोनिया सुटत नसे. विष्ठा रोज बंद टाकीत जाई आणि तिच्यातून निघणारा, एरवी हवेत मिसळून वातावरण तापवणारा मिथेन गॅस चुलीत जळे.

जिल्ह्याचे साहेब शेवंताला बक्षीस द्यायला आले, तेव्हा भानुदासरावांना राहवलं नाही. भर सभेत ते म्हणाले, "साहेब, ही युक्ती मूळची माझी. माझ्या शेडात बघूनच हिनं उचललीय."

सरपंचांना खोटं कोण पाडणार?

शेवंतानं हात जोडले. "अण्णा म्हणतात तसंच असेल. बक्षीस त्यांनाच द्या. फक्त कार्यक्रम त्यांच्या शेडात करा, आणि अण्णांना मनसोक्त बोलू द्या."

आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. मंडळी शेडात शिरली. प्रजासत्ताक दिनाला सव्वा तास बोलणारे भानुदासराव "बंधू-भगिनींनो" म्हणताच खोकू लागले. साहेब बाहेर धावले, मागोमाग गाव. शेवटी डोळे पुसत भानुदासरावही आले.

"आनंदाश्रू आहेत," ते म्हणाले.

"मग आत जाऊन भाषण पुरं करा, अण्णा," शेवंता म्हणाली. "आम्ही इथनं टाळ्या वाजवतो."