वर सरकलेली दोरी

एका विणकरांच्या गावात अंबूवहिनी नावाची बाई राहायची. कुणाकडे कोण आलं, कुणाच्या चुलीवर काय शिजलं, सगळं तिला ठाऊक. पण जीव लावणारी. शेजारच्या मालनच्या मागाची खटखट ऐकतच तिची सकाळ व्हायची.

मालनला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, जखमही भरली, पण हात खांद्याच्या वर जाईना. मागाला वरून एक दोरी लोंबते. ती ओढली की आडवा धागा नेणारा धोटा पळतो. त्या दोरीपर्यंत हातच पोचेना. माग मुका झाला.

अंबूवहिनीला बघवेना. तिने जुन्या लुगड्याचा काठ दोरीला जोडला आणि दोरी पार कमरेशी आणली; माग अडखळत का होईना चालू लागला. पाणी तीच भरी, मालनची वेणीही तीच घाली. "हात उचललास तर बघ! मी मेले का?"

खांदा मात्र आखडतच गेला.

मग दवाखान्यातून फिजिओथेरपीच्या नलिनीबाई येऊ लागल्या. विरजण मागायच्या निमित्ताने अंबूवहिनी आत शिरली, ती दारातच थबकली. बाई जोर करत नव्हत्या. एक तळवा खांद्यामागे ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटांनी काखेजवळची ताठरलेली कातडी सैल करत होत्या, गुंतलेलं रेशीम सोडवावं तशी. मालनच्या कपाळावरची आठी विरली आणि बाईंच्या हातात तिचा हात हळूच वर निघाला. अंबूवहिनीच्या अंगावर काटा आला.

"ही दोरी खाली कुणी आणली?" बाईंनी विचारलं.

"मी! तिला त्रास नको म्हणून."

"वहिनी, मी हात मोकळा करीन. पण तो वर जाईल कशाला? तिथलं त्याचं काम तुम्हीच काढून घेतलंत. सोसेल तेवढी वर बांधत चला."

अंबूवहिनीचं तोंड एवढंसं झालं. रागही आला. तरी दुसऱ्या दिवशी तिने दोरी टीचभर वर घेतली. मालन कण्हली की हिचे हात पुढे धावत. मग ती ते पदरात गुंडाळून बसे.

"वहिनी, नुसत्या बघताय होय?" मालन विचारी.

"तेच तर जमत नाही गं मेलं!"

एका सकाळी भिंतीपलीकडून खट् झालं. मग पूर्वीसारखी सलग खटखट. अंबूवहिनीचा चहा उतू गेला. ती धावली. लुगड्याचा काठ जमिनीवर पडला होता आणि मालनचा हात वर, दोरीच्या मूळच्या जागी. अंबूवहिनीने हात जोडले; कुणाला, ते तिचं तिलाच कळेना.

तात्पर्य: माया असेल तर दुखणाईताचं काम त्याच्यासाठी राखून ठेवावं, आणि त्याचा हात तिथे पोचेपर्यंत आपला हात आवरून धरावा.