पत्र्यावरचा पंजा

"कुणाला विचारून खरवडलंत, उस्ताद?"

संग्रामचा आवाज गॅरेजभर घुमला. समोर छप्पन सालची हिरवी मोटार उभी होती आणि तिच्या डाव्या दारावरचा परातीएवढा रंग फरशीवर तुकड्यातुकड्यांनी पडला होता. दाराशी उकिडवे बसलेल्या दस्तगीर मिस्त्रींच्या हातात पातं होतं.

त्यांनी पात्याला चिकटलेला रंग फडक्याला पुसला.

कोल्हापुरात जुन्या गाड्या नव्या करणारे पुष्कळ आहेत, पण मिस्त्रींच्या हाताखालून गेलेल्या माणसाला वेगळा मान. त्यांची एक रीत होती. शिष्यानं एक गाडी एकट्यानं पुरी करायची. ती पसंत पडली की मिस्त्री दाराच्या आतल्या बाजूला त्याच्या नावाचं अक्षर ठोकायचे. मग तो मोकळा.

संग्राम शिकलेला इंजिनिअर. चार वर्षं इथं रॉकेलमध्ये नटबोल्ट धुण्यात गेली, त्यातली निम्मी मनातल्या मनात कुरकुरण्यात. उद्या मालक गाडी न्यायला येणार होता. आज अक्षर ठोकलं जायचं होतं.

"अकरा महिने खपलोय मी हिच्यावर," तो म्हणाला. "एक चूक दाखवा."

"इकडं ये."

"तिथूनच सांगा."

मिस्त्रींनी बोटानं दाराकडे खूण केली.

शेवटी तो पाय आपटत गेला. उघड्या पडलेल्या पत्र्यावर गंज धरला होता. पाच बोटं आणि एक तळवा, अगदी स्पष्ट.

संग्रामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बघा! कुणीतरी हात लावलाय. हजारदा सांगितलं इथल्या पोरांना, घासलेल्या पत्र्याला उघडा हात लावू नका, हाताचा घाम पत्रा खातो. थिनरनं पुसा, त्याच दिवशी प्रायमर मारा. पण अक्कल असेल तर ना."

"लाव की हात," मिस्त्री म्हणाले.

"कशाला?"

"लाव."

रागारागानं त्यानं पंजा टेकवला. बोटावर बोट बसलं. कॉलेजात क्रिकेट खेळताना मोडून वाकडी झालेली करंगळीसुद्धा बरोबर बसली.

...

मग त्याला आठवलं. मे महिन्यातली दुपार होती. दार घासून लख्ख झालं होतं. त्या दारावर हात ठेवून, छाती काढून, त्यानं फोटो काढून घेतला होता. फोटो मिस्त्रींनीच काढला होता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते क्षणभरच. लगेच मघापेक्षा दुप्पट राग उसळून आला.

"तुम्ही बघितलं होतं."

"बघितलं की."

"आणि गप्प बसलात?"

"हं."

"त्यावर मला प्रायमर मारू दिलात. रंग चढवू दिलात. सगळा पावसाळा या दारावरनं रोज हात फिरवत होतात तुम्ही, मला वाटायचं कौतुकानं..." त्यानं पायाजवळचा प्रायमरचा डबा लाथेनं उडवला. "उद्या मालकाला काय तोंड दाखवू मी? चार वर्षं मातीत घातलीत माझी. तेव्हाच एक शब्द बोलला असतात, तर तुमचं काय जात होतं?"

डबा गडगडत भिंतीला जाऊन थांबला. मिस्त्री गुडघ्यावर हात देऊन उठले, डबा उचलून सरळ ठेवला. झाकण त्यांनी गरजेपेक्षा जोरानं ठोकून बसवलं. म्हातारा आपल्याहून जास्त चिडलेला आहे, आणि आजच नव्हे तर मे महिन्यापासून चिडलेला आहे, हे संग्रामला तेव्हा कुठे दिसलं.

मिस्त्रींनी त्याच्या हातात पातं ठेवलं.

"तवा बोललो असतो," ते म्हणाले, "तर तू नुसतं दार पुसलं असतंस."