तीन बाटल्यांची म्हैस

एका गावात एक भोळा जावई होता. जावई तो सासुरवाडीचा. आपल्या गावात तो नुसताच भोळा होता. नाव शिदू. वाईट सवय एकही नव्हती. कुणी काही सांगितलं की तो ते करायचा, एवढंच. 'जरा थांब' म्हटलं की थांबायचा, आणि 'आता चल' म्हणायला कुणी विसरलं तर थांबलेलाच राहायचा.

त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव प्रणाली. माहेरून निघताना तिला आईनं बजावलं होतं, पहिलं वर्ष सासरी फार बोलायचं नाही, नुसतं बघायचं. ती नुसतं बघत होती. त्या घरात बघायला पुष्कळ होतं.

प्रणालीला हौस एकच. दारात म्हैस असावी. तिनं ती बोलून दाखवली नाही. पण परसातली जागा सारवून घेतली, खुंटा ठोकला, आणि नवं दावं आणून त्याला अडकवलं. रोज दिवेलागणीला ती त्या मोकळ्या दाव्याकडे बघायची. शिदूची आई शेजारणींना सांगायची, आमच्या सुनंचा जीव त्या दाव्यात अडकलाय.

त्या वर्षी अधिक महिना आला. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालतात, अनारशांचं वाण देतात, शिवाय जमेल तसं काही चांगलंचुंगलं. शिदूचे सासरे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. जेवण झालं, वाण झालं, मग सुभेदारांनी कपाट उघडून तीन लाकडी खोके काढले. प्रत्येक खोक्यात मखमलीवर एक बाटली निजलेली. व्हिस्कीची.

सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी घासू लागल्या. घासलेलीच होती ती भांडी.

सुभेदारांनी जावयाला समजावलं. ही साधी बाटली नव्हे. कंपनीनं एकदाच काढली, मोजकीच काढली, पुन्हा काढायची नाही असं ठरवून काढली. प्रत्येकीवर तिचा नंबर आहे. ही प्यायची नसते. नुसती ठेवली की दरवर्षी हिची किंमत वाढते. खोक्यावर लिहिलं होतं, की हिला मधाची, सुक्या मेव्याची आणि धुराची चव आहे.

"अशी असते का खरंच चव, मामा?" शिदूनं विचारलं.

"ते कसं कळणार? उघडली की किंमत गेली."

"मग घेतली कशाला?"

"ठेवायला."

"ठेवायला तर दगडही चालला असता," प्रणाली दाराआडून म्हणाली. पण ती इतकी हळू म्हणाली, की कुणाला ते ऐकायची वेळ आली नाही.

सुभेदारांची अडचण वेगळीच होती. बाटल्या त्यांच्या घरी राहिल्या तर पलटणीतले दोस्त एका बैठकीत त्यांचा निकाल लावणार. जावई तर ताकसुद्धा बेतानं पिणारा. त्याच्या घरासारखी निर्धोक जागा कुठली? दसऱ्याच्या सुमाराला पुण्याहून पोतनीस नावाचं एक शौकीन गिऱ्हाईक येणार होतं. त्याला बाटल्या दिल्या की जो पैसा येईल त्यात लेकीच्या दारात म्हैस बांधायची, असा सुभेदारांचा बेत.

त्यांनी खोके शिदूच्या हातात दिले. "पाव्हणं, ही तुमची म्हैसच समजा. म्हशीगत जपा."

शिदू म्हणाला, "बरं."

प्रणाली चार दिवस माहेरी राहिली आणि शिदू म्हैस घेऊन घरी आला. आल्या आल्या त्यानं एक बाटली खोक्यातून काढली आणि परसातल्या दाव्याला बांधली. बाटलीला मान असते, त्यामुळे अडचण आली नाही. पुढ्यात कडबा टाकला. घमेलं भरून पाणी ठेवलं. सकाळी चरवी घेऊन धार काढायला बसला. बराच वेळ बसला. मग सासऱ्यांना फोन करून सांगितलं, की म्हैस भाकड दिसते, पण आपली काही तक्रार नाही.

सुभेदारांना वाटलं, जावई गमतीत बोलतोय. ते हसले. शिदूही हसला.

दुपारी तो तिला ओढ्यावर घेऊन गेला. म्हैस धुतली नाही तर तिला उन्हाचा त्रास होतो. काथ्यानं खसाखसा घासली. आधी सोनेरी अक्षरं गेली, मग नंबर गेला, मग कागदच सुटून ओढ्यातून खालच्या गावाला गेला. बाटली लख्ख झाली. अशी स्वच्छ म्हैस त्या ओढ्यावर कुणी पाहिली नव्हती.

प्रणालीला पोचवायला सुभेदार आले, तेव्हा लख्ख म्हैस कडब्यापुढे उभी होती. सुभेदार तिथंच जोत्यावर बसले. रागावले नाहीत. फौजेत त्यांनी यापेक्षा मोठं नुकसान पाहिलं होतं, असं ते स्वतःला सांगत असावेत.

"पाव्हणं," ते म्हणाले, "नंबर गेला म्हंजे बाटली गेली. नंबर पाहिजे, खोका पाहिजे, आणि कुणाचा हात लागता कामा नये. सगळी किंमत ह्येचीच."

"चुकलं, मामा. आता ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. शिदूचं हेच अवघड होतं, ध्यानात ठेवतो म्हटलं की तो ठेवायचाच.

बिननंबरी बाटली सुभेदार पिशवीत घालून घेऊन गेले. तिचं पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या पलटणीतल्या दोस्तांनी मात्र सगळ्यांना सांगितलं, की चव नेहमीच्यासारखीच होती, फक्त झाकण जड होतं.

पुढच्या बाजारी आईनं शिदूला पाटीभर वांगी विकायला पाठवलं. शिदूनं आधी घरी बसून चुन्यानं प्रत्येक वांग्यावर नंबर घातला. सगळ्यांना पुरतील एवढे खोके नव्हते, म्हणून पहिल्या नंबरचं वांगं तेवढं चपलेच्या खोक्यात निजवलं. खाली लग्नातलं उपरणं अंथरलं. मग बाजारात जाऊन बसला.

एक बाई आल्या. वांग्याला कीड आहे का बघायला त्यांनी एक उचललं.

"मावशी, हात लावू नका. किंमत जाते."

"मग घ्यायचं कसं?"

"घ्या की. घरी नेऊन ठेवा."

"भाजी नको करू?"

"भाजी केल्यावर मग राहिलं काय?"

बाईंनी वांग्याकडे पाहिलं, शिदूकडे पाहिलं, आणि शेजारच्या पाटीकडे वळल्या. त्यांच्या मागून आलेल्यांनीही तेच केलं. संध्याकाळी शिदू पाटी घेऊन परत आला. नंबर लावून बघितले तर एकही वांगं कमी नव्हतं. सगळी सुकली होती, पण सगळी होती. तो खुशीत होता.

आईनं कपाळाला हात लावला. "शिदबा, खायाप्यायाची वस्तू ठिवून भागतं का रं? ती चार माणसांच्या मुखी लागाय पायजे. दारात कुणी आलं तर त्येला वाढावी, म्हंजे सार्थक झालं."

"चुकलं, आई. आता ध्यानात ठेवतो."

अधिक महिन्यात गावातली भजनी मंडळी घरोघर जायची. त्या आठवड्यात ती शिदूकडे आली. पुढं पखवाजवाले गणूबुवा, मागं टाळकरी. आई आणि प्रणाली आत शिऱ्याचा रवा भाजत होत्या. शिदूनं दारात आलेली माणसं पाहिली. माळ्यावरची खायाप्यायाची वस्तू त्याला आठवली. त्यानं दुसरा खोका उघडला, सील तोडलं, कळशीत बाटली ओतली, वर पाणी, लिंबू, साखर आणि वेलची घातली. मग पेले भरून सगळ्यांना वाढलं. आग्रह करकरून वाढलं.

मंडळी तहानलेली होती. सरबत जरा जळकं लागतंय असं एकजण म्हणाला, तर दुसरा म्हणाला, गूळ चुलीवरचा असेल. दुसरी फेरी कुणी नको म्हटली नाही.

भजन चांगलं रंगलं. एका चरणावर मंडळी गेली ती तिथंच राहिली. पुढचा चरण कुणाला लागेचना, आणि कुणाची त्याबद्दल तक्रारही नव्हती. बांधावरून सात वर्षं न बोलणारे दोन टाळकरी एकमेकांच्या गळ्यात पडून रडले आणि एकमेकांना आपापला बांध देऊन टाकला. गणूबुवा पखवाजावर डोकं ठेवून झोपी गेले. शिरा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दोन टाळकरी बांध परत मागायला एकमेकांच्या दारात गेले. गणूबुवा शिदूला वाटेत भेटले. म्हणाले, सरबत झकास होतं, पण साखर कमी पडली.

रिकामी बाटली प्रणालीला चुलीमागं सापडली. बाटली तिनं फडताळात ठेवली आणि परसात जाऊन खुंटा हलवून बघितला. घट्ट होता.

सुभेदार पुन्हा आले. या वेळी जोत्यावर बसायलाही त्यांना आधार लागला. पण पोतनीसांशी त्यांचं फोनवर बोलणं झालं होतं. पोतनीस म्हणाले होते, की वाईट वाटून घेऊ नका. बाटल्या जितक्या संपत जातात तितकी उरलेल्यांची किंमत चढते. शेवटची एक नीट राहिली तर तेवढ्यावरही एक बरी म्हैस येईल.

हे ऐकून प्रणालीनं पेंडीचं पोतं मागवलं.

सुभेदारांनी जावयाचे दोन्ही हात धरले. "एकच राहिलीय. आता कुणी येऊ दे, कुणी मागू दे. थेंब द्यायचा न्हाई. देव आला तरी न्हाई."

"चुकलं, मामा. आता ध्यानात ठेवतो."

दसरा जवळ आला आणि सुभेदारांबरोबर पोतनीस आले. ऊन असं कडक, की गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून घरापर्यंत येईतो त्यांचा सदरा ओला झाला. त्यांनी ओट्यावर टेकून शिदूला म्हटलं, जरा पाणी मिळेल का.

"थेंब मिळणार नाही," शिदू म्हणाला.

पोतनीसांनी सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदारांनी छपराकडे पाहिलं. प्रणाली तांब्या घेऊन आली, तेव्हा कुठं पोतनीसांच्या जिवात जीव आला.

मग त्यांनी खिशातून पांढरे हातमोजे काढून घातले, भिंग काढलं आणि बाटली बघायला लागले. मुलगी बघायला आलेली माणसंही इतकं बघत नाहीत. नंबर शाबूत. सील शाबूत. खोका शाबूत, मखमलीला एक डाग नाही. पोतनीस प्रसन्न झाले. त्यांनी आकडा सांगितला. सुभेदारांनी मान हलवली. दाराच्या चौकटीत प्रणालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, ते सोडलंच नाही. त्या आकड्यात म्हैस बसत होती. पाठीमागं रेडकूसुद्धा चालत येत होतं.

चहा आला. पोतनीसांनी शिदूला खोका आत सावलीत ठेवायला सांगितला. शिदूनं तो उचलला, पण त्याच्या मनात एक शंका होती.

"साहेब, एक बाटली गेली तर उरलेलीची किंमत वाढते?"

"वाढते."

"दोन गेल्या तर?"

"आणखी वाढते. म्हणून तर मी आलो."

"आणि हीसुद्धा गेली तर?"

पोतनीस मोठ्यानं हसले. जावई विनोदी आहे, असं त्यांना वाटलं. "मग तर काय, बोलायलाच नको."

शिदू म्हणाला, "बरं," आणि खोका घेऊन आत गेला.

बाहेर चहा चालला होता. सुभेदार म्हशीच्या जातींविषयी बोलत होते. प्रणाली कपबशा उचलून आत आली आणि मागच्या दारातून सहज तिनं परसात पाहिलं. शिदू खुंट्यापाशी उभा होता. सील त्याच्या दातांत होतं. बाटली हातात उलटी होती आणि खुंट्यावर धार पडत होती.

लग्न झाल्यापासून प्रणाली पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. ते गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेलं.

"अहो, थांबा!"

शिदू थांबला. बायकोचा शब्द तो कसा मोडेल? होता तसाच थांबला. हात वर होता तो वरच राहिला. बाटली उलटी होती ती उलटीच राहिली. धार तेवढी थांबली नाही, कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सगळे धावत परसात आले, तेव्हा शेवटचे थेंब पडत होते. सगळीकडे धुराचा वास सुटला होता. खोक्यावर लिहिलं होतं ते निदान एवढ्यापुरतं खरं निघालं.

"आता चला," प्रणाली म्हणाली. तेव्हा शिदूनं हात खाली घेतला, दातातलं सील काढलं, आणि पोतनीसांपुढं जाऊन आदबीनं उभा राहिला.

"साहेब, आता आमच्याकडं एकही नाही. आता बोला, किती?"

पोतनीस बोलले नाहीत. मघाशीच ते 'बोलायलाच नको' म्हणाले होते, आणि म्हणाले तसं करणारे गृहस्थ होते. त्यांनी एकेका बोटावरून हातमोजे काढले, खिशात ठेवले, आणि गाडीकडं निघाले. सुभेदार त्यांच्या मागोमाग काही अंतर गेले, मग कशाला जायचं म्हणून परत आले आणि जोत्यावर बसले.

परसात दोघंच उरली.

"आणि माझी म्हैस?" प्रणालीनं विचारलं.

शिदूनं मोकळ्या दाव्याकडं बोट दाखवलं. त्याचा चेहरा समाधानानं भरून गेला होता.

"तीसुद्धा एकही नाही," तो म्हणाला. "बघ आता, किती महाग झाली असंल."

गोष्ट संपली, तशा बाटल्याही संपल्या. खुंटा तेवढा अजून तिथं आहे. जवळ गेलं तर वास येतो. असा खुंटा दुसरा कुठं नाही, म्हणून शिदूनं त्याच्यावर चुन्यानं नंबर घातला आहे, आणि कुणाला हात लावू देत नाही.